तटस्थ म्हणजे विश्वासार्ह?

गेल्या विकेन्डला मलकापूरला घरी गेलो होतो. जेवणं झाल्यावर बाबा नेहमीप्रमाणे मोबाईलवर राजकीय विश्लेषण ऐकत बसले. 'मी कुठल्याच पक्षाचा नाही' असं सुरुवातीलाच सांगून एक गृहस्थ पुढची चाळीस मिनिटं एकाच पक्षाला झोडपत होते. मी म्हटलं, "बाबा, हा माणूस तर उघड उघड एका बाजूचा आहे." बाबा स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले, "तुह्या बाजूनं बोलत नाही म्हून तुले तसं वाटते."

बोलती बंद! कारण मी ज्यांना 'बॅलन्स्ड' म्हणून ऐकतो, ते नेमके मला पटेल तेच बोलतात. बाबांचे तटस्थ वेगळे, माझे तटस्थ वेगळे. ऑफिसात जेवणाच्या टेबलावर विचारून बघा, प्रत्येकाकडे आपापला एक तटस्थ विश्लेषक निघेल.

त्यात बाबांकडे माझं एक जुनं प्रकरण शिल्लक आहे. 2024 च्या लोकसभेत महाराष्ट्रातल्या 48 पैकी 17 जागाच महायुतीला मिळाल्या होत्या. त्या जोरावर विधानसभेच्या निकालाच्या आदल्या रात्री मी घरच्या ग्रुपवर सरकार जाणार असल्याचं ठोकून दिलं. वर 'कुणाचीही बाजू न घेता, फक्त आकड्यांवरून' असंही लिहिलं. 23 नोव्हेंबरला महायुतीच्या तीन मुख्य पक्षांनी मिळून 288 पैकी 230 जागा जिंकल्या. दुपारपर्यंत मी तो मेसेज गुपचूप डिलीट केला. पण व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुसलं तरी पुसल्याची खूण ठेवतं. संध्याकाळी बाबांचा फोन. "काहून रे, पुसलं काहून?" मी कामाचं कारण सांगून विषय बदलला.

अंदाज चुकला याचं मला फारसं वाईट वाटलं नाही, भल्याभल्यांचे चुकले. पण मी आधी तटस्थ असल्याचा आव आणला आणि मग चूक लपवली. ज्या विश्लेषकांना मी शिव्या घालतो, ते तरी यापेक्षा वेगळं काय करतात?

तेव्हापासून मला असं वाटायला लागलंय की आपण चुकीचीच गोष्ट शोधतोय. 'हा तटस्थ आहे का?' हा प्रश्नच फारसा कामाचा नाही.

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास बघा. आगरकर 'केसरी'चे पहिले संपादक. टिळकांशी मतभेद वाढले तसे ते 1887 मध्ये बाहेर पडले आणि 1888 मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यावर दोघं समोरासमोर उभे होते. दोघांपैकी एकही तटस्थ नव्हता. पण कोण कुठे उभा आहे याबद्दल वाचकाच्या मनात शंका नव्हती. आंबेडकरांनी 31 जानेवारी 1920 ला पाक्षिक सुरू केलं, त्याचं नावच 'मूकनायक'. कुणाची बाजू घेणार हे मथळ्यावरच लिहिलेलं!

आणि चुकले तेव्हा? कोल्हापूरच्या दिवाणांवर 'केसरी' आणि 'मराठा'ने ज्या पत्रांच्या आधारे आरोप केले, ती बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी शिक्षा झालीच. 1882 मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. आगरकरांनी पुढे त्यावर पुस्तकही लिहिलं. आजच्या भाषेत सांगायचं तर पोस्ट डिलीट करून मोकळे झाले नाहीत.

आता याच्या उलट उदाहरण. 2009 च्या विधानसभा निवडणुकीच्या काळात तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचं कौतुक करणारा मजकूर एकमेकांच्या स्पर्धक मराठी दैनिकांत शब्दशः सारखा छापून आला होता, बातमी म्हणून. पी. साईनाथ यांनी तो उजेडात आणला. पुढे प्रकरण निवडणूक आयोगापर्यंत गेलं. आयोगाचा चव्हाणांविरुद्धचा आदेश 2014 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. तेव्हा कोण दोषी हे मी ठरवणार नाही. मुद्दा वाचकाचा आहे. अग्रलेख वाचताना आपण सावध असतो, बातमी वाचताना नसतो. त्यामुळे कौतुक बातमीच्या वेषात आलं की ते सरळ आत जातं. तटस्थतेचा वेष घेतलेल्या विश्लेषकाचंही तसंच.

आमच्याकडे कापसाचा भाग. काटा दर वेळी दोन किलो कमी दाखवतो हे एकदा कळलं की शेतकरी दोन किलो मनात मिळवून हिशोब करतो. पण माल कुणाचा आहे ते बघून काटा वेगवेगळं वजन दाखवायला लागला, तर काय मिळवणार आणि काय वजा करणार? आपल्या धंद्यातही रोज त्याच जागी येणारा बग सापडतो. कधी येणारा, कधी न येणारा बग झोप उडवतो.

फिलिप टेटलॉक यांनी 284 तज्ज्ञांचे राजकीय अंदाज वर्षानुवर्षं तपासून 2005 मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात तज्ज्ञ डावा की उजवा याने फारसा फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो विचार करण्याच्या पद्धतीने. सगळं एकाच मोठ्या सिद्धांतात बसवणारे जास्त चुकत. शंका घेत, मत बदलत जाणारे त्यातल्या त्यात बरे.

म्हणून मी आता तीन गोष्टी बघतो. एक, हा माणूस आपली बाजू आणि आपले पैसे कुठून येतात हे सांगतो का? दोन, स्वतःच्या बाजूच्या लोकांना न आवडणारं काही त्याने कधी सांगितलंय का? तीन, चुकल्यावर तो काय करतो? त्यात वाटल्यास चौथी घाला, त्याला जमिनीवरचं काही माहीत आहे का? बुलढाणा लोकसभेचं गणित मांडताना मलकापूरची मतं त्यात धरणारे महाभाग मी ऐकलेत. मलकापूर जिल्ह्याने बुलढाण्यात असलं तरी लोकसभेला आम्ही रावेरमध्ये मत देतो. तटस्थ असून काय उपयोग, नकाशाच चुकीचा असेल तर?

कुणी म्हणेल, अशाने सगळेच बाजू घेऊन ओरडायला लागतील. बाजू सांगणं म्हणजे तथ्यं वाकवण्याचा परवाना नव्हे, एवढंच म्हणेन. उलट बाजू सांगितली की तथ्यांची जबाबदारी वाढते, कारण ऐकणारा तिथेच काटा तपासणार.

असो. दुसऱ्याला तीन कसोट्या लावायच्या आणि स्वतः पुसापुशी करायची, हे काही बरं नाही. रविवारी परतीच्या गाडीत बसल्यावर घरच्या ग्रुपवर लिहिलं, "नोव्हेंबर 2024 चा माझा अंदाज साफ चुकला होता. आणि मी तटस्थ नव्हतो, मला जे व्हायला हवं होतं तेच मी लिहिलं होतं." भुसावळ येईपर्यंत कुणीच काही बोललं नाही. मग बाबांनी त्यांच्या त्या विश्लेषकाचा नवा व्हिडिओ पाठवला. खाली एक ओळ होती, "याचे चुकलेले अंदाज काढून दे."

काढतोय.