आधी कुकर, मग सरप्राइज

फेब्रुवारी जवळ आला की मोबाइलवर सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. नवऱ्याने बायकोला अचानक बाहेर न्यावं, मेणबत्तीच्या उजेडात जेवावं, संसारातला गोडवा टिकतो म्हणे. सल्ला वाईट नाही. फक्त देणाऱ्याने पेण-रोह्याकडे संसार केलेला नसतो. संध्याकाळी साडेसहाला कोणी ‘तयार हो, बाहेर जायचंय’ म्हटलं, तर आमच्याकडच्या बाईला आधी आठवतात ते दुपारभर बसून सोललेले मोड आलेले वाल. त्यांचं काय करायचं? मग सासऱ्यांची आठची गोळी, धाकट्याची उद्याची परीक्षा, सकाळच्या डब्याची भाजी. अर्ध्या तासात हे सगळं उरकून साडी बदलून ती गाडीवर बसते तेव्हा दमलेली असते. वर ‘चेहरा का पडलाय, खूश नाहीस का?’ हेही ऐकायचं. सरप्राइज त्याचं, धावपळ हिची!

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. ज्याला सरप्राइज द्यायचंय त्याने आधी कुकर लावावा. आईला विश्वासात घ्यावं, पोरांना जेवू घालावं, डब्याची भाजी निवडून ठेवावी आणि मगच ‘चल’ म्हणावं. खरं सरप्राइज तिथेच होऊन जातं. पुढचं हॉटेल साधं असलं तरी चालतं.

दुसरी अडचण गावाची. लग्नाआधी लपूनछपून भेटावं लागतं हे समजण्यासारखं आहे. आमच्याकडे लग्नानंतरही लपावं लागतं. पेणच्या बाजारात दोघं बरोबर दिसलात की ‘काय, आज जोडीने?’ हा प्रश्न ठरलेला. हॉटेलात बसावं तर शेजारच्या टेबलावर मुलाच्या वर्गशिक्षिका. त्यामुळे पेणचे लोक रोह्याला जातात आणि रोह्याचे पेणला येतात. दिव्याहून येणारी मेमू पेण सोडल्यावर कासू, नागोठणे, निडी करत रोह्याला पोचते. चाळीसेक किलोमीटरचा प्रवास. गाडीत बसायला जागा मिळाली तर अर्धी डेट तिथेच झाली समजा.

मला मात्र रोहाही बंद, कारण माझं माहेर तिथलं. एकदा नवऱ्याने हौसेने कुंडलिकेच्या काठावर फिरायला नेलं. स्टेशनाबाहेर पाऊल टाकतो तोच समोर काका. ‘जावईबापूंना घेऊन परस्पर कुठे?’ पुढची संध्याकाळ माहेरच्या ओटीवर गेली. जावई आले म्हणजे जिताडा मासा हवाच, त्यासाठी आईने कोणाला तरी पिटाळलं. आम्ही दोघं पंगतीत समोरासमोर, मध्ये सगळं घर. जिताडा झकास होता, एवढंच सांगते.

आणि ‘डेट नाईट’ म्हणे! डोलवी, नागोठणे, धाटाव इथल्या कारखान्यांवर चालणाऱ्या घरांत ‘नाईट’ म्हणजे रात्रपाळी. सेकंड शिफ्टचा माणूस घरी येतो तेव्हा ताट झाकलेलं असतं आणि बायको पेंगत असते. अशा घरांनी रात्रीचा हट्ट का धरावा? साप्ताहिक सुट्टी बुधवारी असेल तर पोरं शाळेत गेल्यावर सकाळी नऊला निघावं. हॉटेलं रिकामी असतात, ओळखीचे लोक आपापल्या कामावर असतात. कोलाडची राफ्टिंगही सकाळचीच असते. भिऱ्याला टाटांचं वीजकेंद्र आहे. वीज तयार करून खाली आलेलं पाणी सकाळी कुंडलिकेत सुटतं, त्यावर त्या बोटी धावतात. मुंबई-पुण्याची जोडपी त्यासाठी पहाटे उठून येतात. आपण मात्र पुलावर उभे राहून ती बघतो.

जोडप्याने मिळून काहीतरी नवं करावं, हे प्रकरण अगदीच हवेतलं नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. काही जोडप्यांचे हात-पाय एकमेकांना बांधले, दोघांच्या मध्ये एक उशी दिली आणि हात न लावता ती सांभाळत गाद्यांवरून रांगायला सांगितलं. इतरांना साधं, संथ काम दिलं. रांगणाऱ्या जोडप्यांना आपलं नातं आधीपेक्षा जास्त गोड वाटायला लागलं. या सगळ्यात खर्च किती, तर एक उशी. मुंबई-गोवा महामार्गावर मोटारसायकलवरून खड्डे चुकवत बरोबर गेलेल्या कोणत्याही जोडप्याला हा निष्कर्ष पटेल.

‘आता हे करायचं आपलं वय आहे का?’ असं म्हणणाऱ्यांना मी चिंतामणराव देशमुखांचं नाव सांगते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. त्यांचं बालपण रोह्यात गेलं. पहिल्या पत्नी रोझिना 1949 मध्ये वारल्या. 22 जानेवारी 1953 रोजी त्यांनी दुर्गाबाईंशी लग्न केलं, तेव्हा ते 57 वर्षांचे होते आणि त्या 43 वर्षांच्या. दोघं नियोजन आयोगात एकत्र काम करत. त्याहून रूक्ष जागा शोधून सापडणार नाही! पुढे दुर्गाबाईंनी इंग्रजीत आठवणी लिहिल्या, त्यांचं नाव ‘चिंतामण अँड आय’. त्या पिढीतल्या आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव फक्त उखाण्यात घेत. दुर्गाबाईंनी ते थेट मुखपृष्ठावर छापलं.

आता आमच्या घरचं एक सांगते, कारण ते जमलं होतं. पोपटी हा आमच्या भागात मित्रांचा कार्यक्रम. वालाच्या शेंगा भरल्या की शेतात जाळ करायचा, गप्पा ठोकायच्या आणि बायकांनी घरी वाट बघायची. एका थंडीत नवरा लहानसं मडकं घेऊन आला. भांबुर्डीचा पाला त्यानेच खुडून आणला होता. मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, दोन बटाटे, चार अंडी आत भरली, तोंडाला पाला कोंबला. पोरांना आधीच जेवू घातलेलं आणि आईंना सगळं माहीत. मला फक्त ‘स्वेटर घाल’ एवढंच सांगितलं. शेतात मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा पेटवला. पोपटीत पाणी घालत नाहीत, शेंगा पाल्याच्या वाफेवर शिजतात, त्यामुळे अर्धा तास नुसतं बसून राहावं लागतं. कितीतरी दिवसांनी आम्ही शाळेची फी आणि गॅसचा नंबर सोडून बोललो. तो पाळीतल्या एका सहकाऱ्याची नक्कल करत होता. ती इतकी हुबेहूब जमते, हे मला ठाऊकच नव्हतं.

वाचकहो, वालाच्या शेंगा अजून बाजारात आहेत. मडकं दोघांपुरतं घ्या आणि फोटो मित्रांच्या ग्रुपवर टाकू नका. नाहीतर पुढच्या वेळी दहा जण येतील आणि भाकऱ्या तुमच्या घरूनच जातील.