एकच टेकडी, दोन वाटा

कीटक आणि कोळी यांतील फरक सांगा म्हटले की आपले विद्यार्थी वहीत चटकन दोन रकाने आखतात. कीटकाला पाय सहा, कोळ्याला आठ. कीटकाच्या शरीराचे भाग तीन, कोळ्याचे दोन. एकाला मिशा, दुसऱ्याला नाहीत. उत्तर बिनचूक खरे. परंतु एवढ्याने तुलना पुरी होते असे मला वाटत नाही. प्राणी कसा दिसतो हे कळले; तो कसा जगतो हे कळायचे राहूनच गेले.

आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील नामिब वाळवंट पाहा. चार महिने पागोळ्यांचा आवाज ऐकणाऱ्या आपणांस नवल वाटेल, परंतु तेथे किनाऱ्यालगत वर्षाकाठी २५ मिलिमीटरही पाऊस पडत नाही. समुद्रातील थंड प्रवाहामुळे धुके मात्र येते. अशा वेळी तेथील एक काळा भुंगेरा वाळूच्या टेकडीचा माथा गाठतो आणि वाऱ्याकडे तोंड करून, डोके खाली व पाठ वर अशा स्थितीत उभा राहतो. पाठीवर जमलेले दव ओघळत मुखाशी येते. हॅमिल्टन आणि सीली या संशोधकांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत अशा जलपानाने एखाद्या भुंगेऱ्याचे वजन एक-तृतीयांशाने वाढलेले आढळले.

त्याच वाळवंटात सोनेरी चक्री कोळी राहतो. तो जाळे विणीत नाही. वाळूत रेशमाचे अस्तर लावलेले बीळ करतो आणि रात्री शिकारीस निघतो. एक गांधीलमाशी त्याचे बीळ उकरते. डंखाने त्याला निश्चेष्ट करून त्याच्या अंगावर अंडे घालते. तिच्या तावडीतून निसटताच तो पाय आखडून कुशीवर होतो आणि उतारावरून चाकासारखा गडगडत जातो. हा वेग सेकंदाला ४४ फेऱ्यांपर्यंत असतो.

मग या दोघांत श्रेष्ठ कोण? माझ्या मते हा प्रश्नच अयोग्य होय. एकाला पाण्यासाठी टेकडी चढावयाची आहे, दुसऱ्याला प्राणासाठी उतरावयाची. भुंगेऱ्याला गडगडता येत नाही म्हणून तो उणा ठरत नाही; आणि कोळी माथ्यावर धुके पीत बसला नाही म्हणून त्याला कोणी आळशी म्हणणार नाही.

पालकांनीही याचा विचार करावा. शेजारच्या मुलाच्या गुणांशी आपल्या मुलाचे गुण ताडून पाहताना दोघांची गरज आणि अडचण आपण विचारात घेतो काय? विद्यार्थिमित्रहो, यापुढे तुलनेसाठी वहीत रकाने आखाल तेव्हा आणखी एक रकाना आखा. त्याच्या माथ्यावर लिहा : 'कशासाठी?'