जेलवर तुटले, पेशीत काय?

भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली, आणि तेव्हापासून या गावात लोखंडाचा हिशेब टनांतच होतो. २०१६ साली आयआयटी आली. तेच लोखंड मायक्रोमोलमध्ये मोजणाऱ्यांसाठी हा अंक.

प्रकाशाने जागी होणारी धातूंची कॉम्प्लेक्स आपल्याकडे नवी नाहीत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अखिल चक्रवर्ती यांच्या गटाने तांबे, लोह, व्हॅनेडियम वापरून लाल प्रकाशात डीएनए तोडून दाखवला. लाल प्रकाश ऊतींत खोल शिरतो. अतिनील प्रकाश तर स्वतःच डीएनएला इजा करतो.

आमच्याकडे येणाऱ्या लेखांची भिस्त मात्र एकाच जेलवर असते. पीयूसी१९ प्लाझ्मिड, पुढे धावणारा सुपरकॉइल्ड पट्टा फिका, मागचा निक्ड पट्टा ठळक. २,६८६ बेसजोड्यांच्या या कड्यात एका धाग्याला एक चीर गेली, तरी सगळा पीळ सुटतो. चाचणी इतकी हळवी! पेशी अशी चीर समोरचा धागा पाहून रोज सांधते. दोन्ही धागे एकमेकांजवळ तुटले तरच ती खरी अडचणीत येते. रेषीय पट्टा किती लेखांत दिसतो?

कोणी तोडले हे ठरवतानाही हात सैल सुटतो. कॉम्प्लेक्स डीएमएसओत विरघळवायचे, मग हायड्रॉक्सिल रॅडिकल टिपायला पुन्हा डीएमएसओच घालायचा, आणि ‘फरक पडला नाही’ असे लिहायचे. सोडियम अझाइड सिंगलेट ऑक्सिजन शमवतो खरा, पण तो लोहालाही जाऊन चिकटतो. त्यापेक्षा जड पाण्यात तोडणे वाढते का ते पाहा.

सिंगलेट ऑक्सिजन साध्या पाण्यात जेमतेम ३-४ मायक्रोसेकंद टिकतो. कॉम्प्लेक्स लायसोसोममध्ये अडकले, तर तो केंद्रकापर्यंत पोचत नाही. पेशी मरते, पण डीएनए तुटल्यामुळे नव्हे. त्यात कमीपणा कसला? प्रोस्टेट कर्करोगासाठी २०१७ साली युरोपात मान्यता मिळालेले पॅलेडियमचे पॅडेलिपॉर्फिन ७५३ नॅनोमीटरच्या प्रकाशात गाठीच्या रक्तवाहिन्याच बंद पाडते.

तेव्हा पुढच्या अंकासाठी लेख पाठवताना नुसत्या प्रकाशाची आणि नुसत्या कॉम्प्लेक्सची लेन, प्रकाशाची मात्रा ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये, आणि ऑक्सिजन काढून घेतल्यावरचा निकाल जोडावा. गाठीच्या पोटात ऑक्सिजन तसाही तुटपुंजाच असतो. अंधारातला नमुना फॉइलमध्ये गुंडाळला होता की टेबलावर ट्यूबलाइटखाली उघडा पडला होता, हेही लिहावे.