मोजमाप हवें, आगाऊ पैका नको

विजेचा जुना मीटर काढून त्याच्या जागीं ‘स्मार्ट’ म्हणविला जाणारा नवा मीटर बसविण्याचें काम नागपुराकडे सुरू झाल्यापासून तो घ्यावा कीं घेऊं नये, असा प्रश्न आमचे सभासद वारंवार विचारीत आहेत. थोडक्यांत उत्तर द्यावयाचें तर तें असें कीं, मीटर हा शेतकऱ्याचा शत्रु नव्हे. परंतु वीज जाळण्यापूर्वीं पैसा भरण्याची सक्ती त्यास मानवणारी नाहीं. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळेंच पुष्कळसा वाद माजला आहे. म्हणून त्या निरनिराळ्या करून पाहणें अवश्य आहे.

पैसा आधीं व माल मागाहून, ही कल्पना जुनीच आहे. इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मजुरांच्या घरीं गॅसच्या मीटरांत पेनी टाकावी, तेव्हां चूल पेटत असे. विजेच्या बाबतींत पुढें नाण्याची जागा कार्डानें घेतली. दुकानीं जाऊन कार्डावर रक्कम भरावयाची, तें मीटरांत सरकवावयाचें, आणि रक्कम संपली कीं दिवा मालवावयाचा. दक्षिण आफ्रिकेंत २० आंकड्यांचा संकेत मीटरवर दाबण्याची रीत रूढ झाली. आतांच्या मीटरास कार्डाचीही गरज उरलेली नाहीं. तो थोड्या थोड्या मिनिटांचा वापर नोंदून मोबाईलच्या जाळ्यानें कचेरीस कळवितो. आणि त्याच्या पोटांत एक खटका असतो, तो कचेरींत बसूनच दाबतां येतो. मोजणें व तोडणें हीं पूर्वीं दोन निराळ्या माणसांचीं कामें होतीं. तीं आतां एकाच पेटींत आलीं आहेत.

केंद्र सरकारनें २०२० सालीं वीजग्राहकांच्या हक्कांचे नियम केले. त्यांत नवी जोडणी पूर्वभरण्याच्या मीटरावरच द्यावी व अपवाद नियामक आयोगाच्या मान्यतेनें व्हावा, असें लिहिलें. २०२१ च्या जुलैंत देशभर २५ कोटी असे मीटर बसविण्याची योजना निघाली. शेतीपंप तींतून वगळले गेले. महाराष्ट्रांत या योजनेस मोठा विरोध झाला व त्यांत नागपूर पुढें होतें. २०२४ च्या जूनमध्यें तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनीं सामान्य ग्राहकांकडे पूर्वभरण्याचे मीटर बसविले जाणार नाहींत, असें जाहीर केलें. त्यानंतर आलेल्या मीटरांचें देयक वापरानंतर येऊं लागलें, आणि १ जुलै २०२५ पासून सकाळीं ९ ते सायंकाळीं ५ या वेळेंतील घरगुती वापरावर कांहीं सवलतही लागू करण्यात आली. हें ठीक झालें. परंतु खटका पेटींत आहेच, आणि पूर्वभरण्याची पद्धति दुरूनच सुरू करतां येते. जें एका घोषणेनें थांबलें, तें दुसऱ्या घोषणेनें सुरू होऊं शकेल. आपला विचार आतांच पक्का करून ठेवावा, तो याकरितां.

प्रथम मोजमापाविषयीं. कापसाच्या बाजारांत काट्याजवळ आपला माणूस उभा करणाऱ्या शेतकऱ्यानें मापास भिण्याचें कारण नाहीं. घराला कुलूप होतें म्हणून सरासरीनें आलेलें देयक, चुकीचा आंकडा, मग तो दुरुस्त करून घेण्यासाठीं तालुक्याच्या हेलपाट्या, हें सर्व बिनचूक नोंदीनें टळण्याजोगें आहे. शेतीपंपांच्या बाबतींत तर मापाचा अभाव आपल्यालाच बाधला आहे. अनेक पंपांची आकारणी अश्वशक्तीवर होत आली. विहिरीवर किती वीज लागली आणि वाटेंत किती गळली वा चोरीस गेली, हें छातीवर हात ठेवून सांगतां येईना. मग गळतीचा बोजा शेतकऱ्याच्या नांवावर मांडण्यास वाव राहिला. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांस एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत मोफत वीज जाहीर झाली आहे. फुकट मिळणाऱ्या वस्तूचेंही माप असावें. कारण सवलत संपेल त्या दिवशीं कोणता आंकडा पुढें येईल, हें आज ठरत आहे.

आतां आगाऊ पैशाविषयीं. नोकरदारास दरमहा पगार मिळतो, शेतकऱ्याच्या हातीं पैसा हंगामानें येतो. कापूस व सोयाबीन दिवाळीच्या सुमारास घरीं येतात. काटोल-नरखेडकडे संत्र्याचा आंबिया बहार हिवाळ्याच्या तोंडीं उतरतो, मृग बहार शिमग्याच्या आसपास. मे महिन्यांत नागपुरास पारा ४५ अंशांवर जातो, पंख्याची व कूलरची गरज तेव्हांच सर्वांत अधिक, आणि नेमकी तेव्हांच गांठीची रक्कम बीं-खतांसाठीं राखून ठेवलेली असते. सुतार-लोहारानें वर्षभर काम करावें व खळ्यावर बलुतें न्यावें, ही आपल्या गांवची जुनी रीत या हंगामावरच बसविलेली होती. तींत दोष पुष्कळ होते, पण शेतकऱ्याचा पैसा केव्हां येतो हें तिला ठाऊक होतें. पूर्वभरण्यास तें ठाऊक नाहीं.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. २००३ च्या विद्युत् अधिनियमाच्या ५६ व्या कलमान्वयें थकबाकीसाठीं वीज तोडण्यापूर्वीं पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. हे १५ दिवस म्हणजे उसनवारी करण्यास, तक्रार नोंदविण्यास, चुकीचें देयक दाखवून देण्यास मिळालेला अवधि होय. पूर्वभरण्यांत रक्कम संपली कीं अवधिही संपला. शिवाय अशा घरीं वीज ‘तोडली’ असें कोणत्याही वहींत दिसत नाहीं. ग्राहकानें पैसे भरले नाहींत, एवढेंच दिसतें. इंग्लंडांत थकबाकीदार गरिबांच्या घरांत शिरून सक्तीनें असे मीटर बसविल्याचें उघडकीस आलें, तेव्हां २०२३ च्या फेब्रुवारींत तेथील नियामकास ती सक्ती थांबवावी लागली. आपल्याकडे १२ ऑगस्ट २०२० रोजीं, ऐन गोकुळाष्टमीस, उत्तर प्रदेशांत स्मार्ट मीटर असलेल्या लाखाहून अधिक घरांची वीज एकाएकीं गेली. पेटींतील खटका चुकूनही दाबला जातो, हें त्यावरून दिसलें.

विरुद्ध बाजूसही म्हणण्याजोगें आहे, तें नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. थकबाकी वाढली कीं तिचा भार नियमित भरणारावर पडतो. शहरांतील भाड्याच्या खोलीस किंवा बंद असलेल्या घरास पूर्वभरणा सोयीचा पडेल; अनामत रक्कमही भरावी लागणार नाहीं. ज्यास तो पत्करेल त्यानें खुशाल घ्यावा. त्याच अधिनियमाचें ४७ वें कलम अनामत माफ करितांना ‘जो पूर्वभरण्यानें वीज घेण्यास तयार असेल त्यास’ अशाच आशयाचें बोलतें. तयार असणें आणि भाग पाडलें जाणें यांत अंतर आहे.

म्हणून आमचें मागणें इतकेंच आहे. ग्राहकाच्या लेखी संमतीवांचून कोणताही मीटर पूर्वभरण्याकडे वळवूं नये. जे संमति देतील त्यांची अनामत परत करावी, व आगाऊ रकमेवर सूट द्यावी. अनामतीवर व्याज मिळतें, मग या रकमेवर कांहींच कां नसावें? रात्रीं व सुटीच्या दिवशीं वीज तोडूं नये, आणि रक्कम संपत आल्याची सूचना मराठींत व पुरेशी आधीं यावी.

सभासदांसही एक सांगणें आहे. मीटर बदलतेवेळीं स्वतः उभे राहून जुन्या मीटरचा शेवटचा आंकडा व नव्याचा पहिला आंकडा लिहून घ्यावा. नवा मीटर जास्त धांवतो अशी शंका आल्यास तक्रार लेखी द्यावी. २०२४ च्या दुरुस्त नियमांप्रमाणें ५ दिवसांत पडताळ्यासाठीं दुसरा मीटर बसवून किमान ३ महिने दोहोंचा मेळ घ्यावा लागतो. या हक्काची मागणी कागदावर करावी, रस्त्यावरच्या वादांत ती वाया घालवूं नये. कोराडी व खापरखेड्याच्या धुराड्यांची राख ज्या जिल्ह्याच्या शेतांवर पडते, तेथील शेतकऱ्यानें विजेचें मोल चुकवूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. मापून घ्यावी, वापरावी, आणि मापाप्रमाणें पैसे द्यावे. ज्या व्यवहारांत दोघांचाही विश्वास टिकेल असा हाच एक क्रम आहे.