सुटा भाग बदलण्यापूर्वी

भारत स्टेज सहा हे प्रदूषणविषयक मानक १ एप्रिल २०२० पासून देशभर अमलात आले, आणि रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातली मासळी किंवा हंगामात हापूसच्या पेट्या घेऊन रात्रीतून वाशी गाठणाऱ्या पिकअपच्या डिझेल इंजिनाभोवती सेन्सरांची अशी दाटी झाली की, कानाने व हाताने दोष ओळखण्यात आयुष्य वेचलेल्या कारागिरालाही आज बोनेट उघडल्यावर प्रथम कोणती वस्तू कोठे आहे याचाच शोध घ्यावा लागतो. या शोधाला आपल्या व्यवसायात मिळावी तितकी प्रतिष्ठा अद्याप मिळालेली नाही, असे आम्हांस खेदाने वाटते.

स्कॅनरने दाखविलेला कोड ही फिर्याद असते, निवाडा नव्हे. पी०३३५ हा कोड क्रँक सेन्सरच्या संपूर्ण सर्किटाविषयी बोलतो. त्यात सेन्सर, त्याच्या वायरी, कपलर आणि ईसीयूपर्यंतचा सारा मार्ग येतो. तो मार्ग न तपासता नवा सेन्सर बसविणे म्हणजे गाडीमालकाच्या पैशाने अंदाज बांधणे होय.

स्थाननिश्चितीचे मूलतत्त्व सोपे आहे: ज्या राशीचे मापन करावयाचे, तिच्या सान्निध्यातच सेन्सर असतो. म्हणून क्रँक सेन्सर फ्लायव्हीलपाशी किंवा पुढच्या पुलीपाशी, दात्यांच्या चक्रासमोर शोधावा. पाण्याच्या तापमानाचा थर्मोस्टॅटच्या आसपास, हवेच्या मापनाचा एअर फिल्टर व टर्बो यांच्या दरम्यान, आणि इंधनदाबाचा कॉमन रेलवर. डीपीएफच्या दाबाचा सेन्सर मात्र उष्णतेपासून दूर बसविलेला असतो. त्याच्याकडे जाणाऱ्या बारीक नळ्यांचा माग काढला की तो सापडतो. रिले, फ्यूज व अर्थचे बिंदू यांना हा तर्क लागू पडत नाही; त्यांची जागा कारखान्याच्या सोयीने ठरते, आणि तेथे वायरिंगचा नकाशा व स्वतःची नोंद हाच आधार.

रत्नागिरीत तर ही नोंद अपरिहार्य आहे. खारी हवा, वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि मासळीच्या बर्फाचे चॅसीवर झिरपणारे खारट पाणी यांच्या संयोगाने कपलरातील तांब्यावर हिरवट थर धरतो, अर्थचे बोल्ट गंजतात, आणि निर्दोष सेन्सर सदोष ठरतो. स्टार्टर फिरत असताना बॅटरीचे ऋण टोक व इंजिन यांच्यामध्ये अर्ध्या व्होल्टहून अधिक दाब दिसला, तर आधी अर्थ साफ करावा. एकाच वेळी अनेक सेन्सरांचे कोड आले, तर त्यांचा सामाईक पाच व्होल्टचा पुरवठा तपासावा, आणि तो खाली आलेला आढळल्यास एकेक कपलर काढीत, कोणता काढल्यावर तो पूर्ववत होतो हे पाहावे. अपराधी तेथेच सापडतो.

आमची विनंती अशी की, प्रत्येक गॅरेजने आपल्याकडे येणाऱ्या पिकअपच्या प्रत्येक मॉडेलचे एक स्वतंत्र दप्तर ठेवावे. त्यात सेन्सर, रिले, फ्यूज व अर्थ यांची ठिकाणे, वायरींचे रंग आणि निर्दोष गाडीवर घेतलेली मापे तारीखवार लिहावीत, आणि आयटीआयमधून नव्याने आलेल्या उमेदवाराच्या हाती पान्याबरोबरच ते दप्तर द्यावे. अशा नोंदी आमच्याकडे आल्यास त्या पडताळून या मासिकात क्रमशः छापण्याची तजवीज आम्ही करू. कारण एका कारागिराने कष्टाने मिळविलेले ज्ञान दुसऱ्याच्या उपयोगी पडले, तरच या धंद्याला विद्येचा दर्जा प्राप्त होईल.