मुखत्यारपत्र कोणाच्या नावे?

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात घोडेगाव येथे कांद्याचा मोठा उपबाजार भरतो. तेथे माल आणणारा शेतकरी स्वतः सौदा करीत नाही. गोण्या अडत्याच्या गाळ्यापुढे उतरतात, लिलाव होतो, आणि तोलाई-हमाली वजा जाता हाती काय उरले हे शेतकऱ्यास पट्टीवरून कळते. अडत्याविषयी आपल्या समाजाचे मत फारसे चांगले नाही, व त्यास कारणेही आहेत. तथापि १९६३ च्या पणन अधिनियमान्वये त्यास बाजार समितीचा परवाना घ्यावा लागतो. त्याचे नाव-गाव ठाऊक असते. पट्टी चुकली तर त्याच्या गाळ्यावर जाऊन जाब विचारता येतो. सांप्रत सर्व जगात ज्याचा गाजावाजा चालू आहे, त्या 'सॉफ्टवेअर एजंट' नामक नव्या अडत्यापाशी यांपैकी काय आहे, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम ही वस्तू आहे तरी काय, ते पाहू. नेहमीचा संगणक सांगितलेले एक काम करतो व थांबतो. एजंटास काम नव्हे, तर उद्दिष्ट सांगावयाचे असते. 'पुण्याचे तिकीट काढ, सकाळी दहापूर्वी पोहोचले पाहिजे' एवढे म्हटले, की तो कामाचे टप्पे स्वतः पाडतो, वेळापत्रक चाळतो, दर ताडून पाहतो, एक वाट बंद दिसली तर दुसरी धरतो, आणि परवानगी दिलेली असल्यास पैसेही भरून मोकळा होतो. कल्पना नवी नाही. १९९४ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील पॅटी माएस यांनी टपाल निवडणाऱ्या व भेटींच्या वेळा ठरविणाऱ्या एजंटांचे वर्णन केले होते. मालकाच्या सवयी पाहून ते शिकत. मनुष्याची भाषा समजणारी यंत्रे गेल्या काही वर्षांत निघाल्यामुळे त्या कल्पनेस आता हातपाय फुटले आहेत. संगणकाचे कार्यक्रम लिहिणे, ग्राहकांच्या तक्रारींस उत्तरे देणे, कागदपत्रांची छाननी करणे ही कामे एजंट आजच करू लागले आहेत.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. राज्याच्या कृषि विभागाने २०२५ साली 'महाविस्तार' हे ॲप आणले. ते शेतकऱ्यास मराठीत सल्ला देते. सल्ला मानणे न मानणे शेतकऱ्याच्या हाती असते, म्हणून त्यात भय थोडे. परंतु त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईत, संभाषण चालू असतानाच एजंटाकरवी यूपीआयने पैसे चुकते करण्याच्या प्रयोगाचीही घोषणा झाली. सल्लागार आणि मुखत्यार यांतील अंतर ते हेच. एक बोलतो, दुसरा आपल्या नावाने सही करतो.

सही चुकली तर काय होते? अमेरिकेतील नाइट कॅपिटल या पेढीच्या स्वयंचलित प्रणालीने १ ऑगस्ट २०१२ रोजी अवघ्या पाऊण तासात भलतेच सौदे करून सुमारे ४४ कोटी डॉलरांचे नुकसान केले. ती पेढी धनाढ्य होती. तरीही तिचे स्वतंत्र अस्तित्व त्यानंतर फार काळ टिकले नाही. एअर कॅनडाच्या उत्तर देणाऱ्या यंत्राने एका प्रवाशास सवलतीविषयी चुकीची माहिती दिली, तेव्हा आपल्या यंत्राच्या बोलण्यास आपण बांधील नाही, असा पवित्रा कंपनीने घेतला! ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला, हे योग्यच झाले.

आपल्याकडील कायदा मात्र अजून जुन्या जगात आहे. १८७२ च्या करार अधिनियमाचे दहावे प्रकरण मुखत्यारीविषयी आहे आणि ते वाचण्यासारखे आहे. मुखत्याराने धन्याच्या आज्ञेप्रमाणे वागावे, मागताच हिशेब द्यावा, धन्याच्या नकळत स्वतःच्या लाभाचा सौदा करू नये, हे सर्व त्यात आहे. परंतु ते मनुष्यासाठी लिहिलेले आहे. उलट २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे अकरावे कलम सांगते, की ज्याच्या वतीने यंत्रणा आपोआप चालावी अशी योजिली, त्याचाच तिने धाडलेला संदेश मानावा. म्हणजे एजंटाने कांदा मातीमोल विकला, तर तो शेतकऱ्यानेच विकला असा अर्थ निघू शकतो. आणि एजंट घडविणारी कंपनी अटींच्या बारीक अक्षरांआड नामानिराळी राहते. आम्हांस हे सर्वस्वी अन्यायाचे वाटते.

याच तालुक्यात शनिशिंगणापूर आहे. तेथील घरांना दारे नसतात अशी ख्याती आहे, आणि २०११ साली युको बँकेने तेथे कुलुपाविना शाखा उघडली. तो श्रद्धेचा आणि परस्परांच्या ओळखीचा गाव. आंतरजालावर तसे नाही. एखाद्या परक्याने आपल्या पत्रात छुपी आज्ञा लिहून ठेवली, तर ती धन्याचीच समजून एजंट पाळतो, असे वारंवार दिसून आले आहे. आपले टपाल व बँकेचे खाते दोन्ही त्याच्या स्वाधीन करण्याची घाई प्रथम आपला शहरी मध्यमवर्गच करील. म्हणून हा प्रश्न केवळ घोडेगावचा नव्हे.

एजंटांवर बंदी घाला, असे आम्ही म्हणत नाही. श्रीमंतास वकील असतो, हिशेबनीस असतो. कोरडवाहू शेतकऱ्यास पीकविम्याचा अर्ज भरून देणारा कोणी नसतो. ते काम यंत्राने चोख केले तर कोणास नको आहे? परंतु शेतमाल विकणाऱ्या एजंटास अडत्याप्रमाणेच परवाना हवा, आणि तो चालविणाऱ्या कंपनीची अनामत सरकारजमा असावी. शेतकऱ्याने ठरविलेल्या किमान दराखाली त्याला सौदा करता येऊ नये. व्यापाऱ्याचा व शेतकऱ्याचा एजंट एकाच कंपनीचा असेल, तर ते दोघांनाही आधी सांगितले पाहिजे. आणि प्रत्येक व्यवहाराची पट्टी मराठीत मिळाली पाहिजे. ज्या नेवाशात शके १२१२ मध्ये गीतेचा अर्थ मराठीत सांगितला गेला, तेथील शेतकऱ्यास स्वतःच्या कांद्याचा हिशेब इंग्रजीत वाचावयास लावणे शोभणारे नाही. असा एजंट घोडेगावच्या बाजारात उतरण्यापूर्वीच पणन मंडळाने या नियमांचा मसुदा प्रसिद्ध करून शेतकरी, अडते व व्यापारी या तिघांच्याही हरकती मागवाव्यात.