लपलेले दिसावे म्हणून

मे 2025 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाहीच्या जंगलात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी गेल्या. पाने खुडणारी बाई वाकलेली असते, नजर बुडख्याच्या पानांवर. वाळल्या गवतातले पट्टे तिला वेगळे दिसत नाहीत.

अदृश्यतेची ही विद्या वाघाला जन्मजात आहे. चितळाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या. वाघाचा केशरी रंग त्याला हिरव्यातच मिसळलेला दिसतो. काळे पट्टे अंगाची कड मोडतात.

माणूसही याच वाटेवर आहे. 2006 मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात तांब्याच्या नळकांड्याभोवती खास रचनेची कडी बसवून सूक्ष्मलहरी वळवल्या गेल्या. दगडाला वळसा घालून पाणी जावे तशा. त्या लहरींपुरते नळकांडे जवळपास लपले.

आमच्या भागाला मात्र उलटे तंत्र हवे आहे, लपलेले दाखवणारे. उष्णता टिपणारा कॅमेरा रंग नव्हे, अंगाची ऊब पाहतो. पहाटेच्या थंड जमिनीवर वाघ त्यात उठून दिसतो. ती खबर बाया घराबाहेर पडण्याआधी गावात पोचली पाहिजे. विज्ञानाकडे आमचे पहिले मागणे हेच आहे. हा अंक त्यासाठीच.